बढती दिली आणि कारागीर गमावला: माणसं ओळखताना या चुका टाळा

भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांत हमखास दिसणारी चूक म्हणजे उत्तम ऑपरेटरला सुपरवायझर करणं. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, मायक्रॉनची चूक न करणारा माणूस. दहा वर्षं झाली, बढती तर द्यायलाच हवी, आणि वर जायची शिडी एकच. मग त्याचा दिवस हजेरी, रजेचे अर्ज आणि शिफ्टमधली भांडणं मिटवण्यात जातो. मशीनवर नवखा पोरगा, रिजेक्शन, म्हणजे नाकारला जाणारा माल, वाढलेलं. वरून साहेब म्हणतात, "हा पूर्वीसारखा राहिला नाही!"

यावर उपाय आहे. हुद्दा न बदलता पगार वाढेल अशी दुसरी वाट ठेवा: अवघड जॉब त्याच्याकडे, नव्या पोरांना तयार करण्याचा वेगळा भत्ता. ज्याला सुपरवायझर व्हायचंच आहे, त्याला आधी तीन महिने बदली सुपरवायझर म्हणून काम करून पाहू द्या. नाही जमलं तर मशीनवर परतण्यात कमीपणा नाही, हे सगळ्यांसमोर आधीच सांगा. नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

दुसरी चूक, मार्कशीटवरून माणूस जोखणं. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सोबत शिक्षण अर्धवट सोडलेले तरुण होते. त्यांतले काही पुढे पक्के इंजिनिअर झाले. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्यांना तर त्यांनी वसाहतीची राखण दिली. आजच्या एचआरच्या चाळणीत यांतला एकही अर्ज टिकला नसता. निदान आत असलेल्यांना तरी विचारा: पदाबाहेरचं काय येतं? स्टोअरमधला क्लार्क एक्सेलमध्ये काय काय करतो, हे बऱ्याचदा फक्त शेजारच्या टेबलाला माहीत असतं.

बेल कर्व्हबद्दल, म्हणजे टीममधल्या ठरावीक टक्के लोकांना वरचा आणि ठरावीक टक्क्यांना तळाचा शेरा द्यायचाच या पद्धतीबद्दल, थोडक्यात. दहापैकी दहा जण चांगले असले तरी कुणाला तरी तळात ढकलावंच लागतं. मग हुशार माणसं हुशारांच्या टीममध्ये जायलाच नको म्हणतात. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली. आपल्याकडे काही ठिकाणी ती अजून मोठ्या कौतुकाने चालते.

आणि राजीनामा आल्यावर "तुला नेमकं काय करायचं होतं?" असं विचारू नका. तोवर त्याच्या हातात दुसरीकडचं ऑफर लेटर असतं. हा प्रश्न नोकरीच्या सहाव्या महिन्यात, कॅन्टीनमध्ये चहा घेताना विचारा. फॉर्मवर नको, फॉर्मवर सगळेच खूश असतात.