हिऱ्याच्या अंगठीसाठी बेझल कोंदण कसं निवडावं

बेझल म्हणजे हिऱ्याभोवती फिरवलेली धातूची सलग भिंत. तिची वरची कड हिऱ्यावर किंचित वळवून दाबलेली असते. बोटाचं माप, बजेट आणि अंगठी रोज घालायची की कधीमधी, हे तुमचं ठरलेलं आहे असं धरून पुढे लिहिते.

आधी एक गैरसमज निकालात काढू, कारण काउंटरमागून तो फार सहज ऐकवला जातो: “बेझलमध्ये बाजूने उजेड जात नाही, चमक मरते.” हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे. त्यामुळे आत शिरलेला किरण खालच्या पैलूवर लंबाशी साधारण साडेचोवीस अंशांहून मोठ्या कोनात आदळला, की तो बाहेर न पडता आतच परततो. नीट पैलू पाडलेला हिरा प्रकाश मुख्यतः वरून घेतो आणि वरूनच परत देतो. बाजू झाकल्याने त्याचं फार बिघडत नाही. पैलूच वाईट असतील तर तो सहा पंजांत, म्हणजे हिरा धरणाऱ्या धातूच्या काड्यांत, उंच उचलून धरला तरी मंदच दिसणार. तेव्हा बेझलसाठी वजनातला थोडा खर्च कमी करावा लागला तरी चालेल, कटमध्ये तडजोड नको.

१. हिरा: प्रमाणपत्र कडेच्या बाजूने वाचा

बेझलमध्ये जडवतानाचा दाब हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर येतो. प्रमाणपत्रावर गर्डल ‘एक्स्ट्रीमली थिन’, म्हणजे अतिशय पातळ, असेल तर तो हिरा मी बेझलला घेत नाही. कडेपर्यंत आलेली फेदर, म्हणजे आतली बारीक चीर, असेल तरीही दुसरा बघा. “कडेचा दोष धातूखाली झाकून जाईल” हा सल्ला अर्धाच खरा आहे: दोष झाकला जातो, पण हातोडीचा ठोकाही तिथेच बसतो. हिरा कठीण आहे म्हणून तो फुटत नाही, असं नाही. ठरावीक दिशांनी तो दुभंगतो.

गर्डलवर लेझरने कोरलेला क्रमांक असेल तर जडवण्याआधीच दहापट भिंगातून स्वतः वाचून घ्या. पूर्ण बेझलमध्ये तो झाकला जातो, आणि जडवलेला हिरा काढल्याशिवाय वजनही करता येत नाही.

२. आकार

गोल आणि ओव्हल बिनधास्त घ्या. पेअर (थेंबासारखा), मार्कीज (दोन्हीकडे टोकदार) आणि प्रिन्सेस (चौकोनी) यांची टोकं सगळ्यात आधी टवका उडण्याची जागा असते, त्यांना बेझल फार मानवतं. एमराल्ड कटच्या, म्हणजे आयताकृती हिऱ्याच्या, लांब सरळ बाजूंवर धातू सारखा दाबणं अवघड. कारागिराचं आधीचं तसं काम बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

३. धातू

पूर्ण रंगहीन, डी ते एफ दर्जाच्या हिऱ्याभोवती पिवळं सोनं घातलं तर पिवळी झाक हिऱ्यात उतरते आणि रंगासाठी मोजलेले जास्तीचे पैसे वाया जातात. उलट जे, के दर्जाच्या हिऱ्याची किंचित पिवळसर छटा पिवळ्या सोन्यात विरून जाते. दांडी पिवळी आणि भिंत पांढरी असंही करता येतं, मला ते आवडतं.

पांढऱ्यात प्लॅटिनम की पांढरं सोनं? भिंतीपुरतं प्लॅटिनम. ते कडेवर छान वळतं आणि वळल्यावर तिथेच राहतं. त्यावर ओरखडे उठतात, पण धातू झिजून जाण्यापेक्षा बाजूला सरकतो. पांढरं सोनं ताठ असतं, वळवायला जास्त जोर लागतो, आणि त्यावरचा ऱ्होडियमचा मुलामा सगळ्यात आधी कडेवरूनच उतरतो.

४. कड: इथे घाई करू नका

अंगठी बिघडते ती इथेच. बहुतेक जण पूर्ण बेझल की अर्धं, पिवळं की पांढरं, एवढं ठरवून मोकळे होतात, आणि कडेची जाडी कारागिराच्या हाताला जसं वळण असेल तशी येते. मलाही हे गणित समजायला बराच काळ लागला, कारण चित्रात ते दिसतच नाही. संगणकावरच्या आराखड्यात भिंत बहुधा सरळ उभी दाखवलेली असते. ती आत वळल्यावर हिऱ्याचा किती भाग गिळेल, हे त्यातून कळत नाही.

आकडे बघा. १ कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिमी व्यासाचा असतो. कड चहूबाजूंनी ०.२ मिमी आत आली तर ६.१ मिमी दिसतो, म्हणजे दिसणारं क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. तीच कड ०.४ मिमी आली तर २३ टक्के गेले. आता ०.३० कॅरेटचा, सुमारे ४.३ मिमीचा हिरा घ्या: ०.४ मिमीची कड त्याचा एक तृतीयांश भाग झाकून टाकते. “बेझलमध्ये हिरा मोठा दिसतो” हे वाक्य म्हणूनच सरसकट खरं नाही. पांढऱ्या धातूची बारीक कड असेल तर नजर हिरा आणि धातू एकत्र मोजते आणि तो मोठा भासतो. जाड पिवळ्या कडेत छोटा हिरा बटणासारखा दिसतो.

म्हणून ऑर्डर देताना तीन मापं कागदावर लिहून घ्या: हिऱ्याच्या कडेबाहेर उरणाऱ्या भिंतीची जाडी, हिऱ्यावर येणारी कड, आणि बाहेरून एकूण व्यास. माझी मतं अशी. रोज घालायच्या अंगठीत भिंत ०.५ मिमीपेक्षा बारीक नको, काही वर्षांच्या झिजेनंतर तिथे धरायला काही उरत नाही. ०.८ मिमीच्या वर गेलात तर अंगठी अवजड दिसू लागते, तसंच हवं असेल तर गोष्ट वेगळी. हिऱ्यावर कड ०.२ ते ०.३ मिमी पुरे. “थोडी जास्त घेऊ, मजबूत होईल” असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. मजबुती येते हिरा आतल्या बैठकीवर सपाट बसण्यातून आणि धातू सगळीकडे सारखा टेकण्यातून.

जाडी तीच ठेवून कड बारीक दिसावी असं वाटत असेल तर तिचा माथा सपाट न ठेवता बाहेरच्या बाजूला उतरता करायला सांगा. आतली धार तिरकी छिलून आरशासारखी चकचकीत करून घ्या. ती हिऱ्याची चमक परत फेकते आणि धातू कुठे संपतो ते चटकन कळत नाही. कडेवर मण्यांची बारीक नक्षी, मिलग्रेन, मात्र मी टाळते. ती कड रुंद करते, मळ धरते आणि पुढे घासून सपाट होते.

शक्य असेल तर धातू ओतण्याआधी रेझिनचा नमुना मागा. बोटात घाला, हात लांब करून बघा. स्क्रीनवर मोठं करून पाहिलेल्या चित्रावर निर्णय घेणं हा निव्वळ जुगार आहे.

५. पूर्ण की अर्धं

हाताने काम करणाऱ्यांसाठी पूर्ण. अर्ध्यात दोन बाजूंची कड उघडी राहते आणि धक्के तिथेच बसतात. पंजापेक्षा ते सुरक्षित असतंच, असं मुळीच नाही. हिऱ्याला टोक असेल तर ते धातूतच गेलं पाहिजे.

६. उंची आणि पाठ

बेझल हिरा बोटाजवळ बसवू देतं, कपड्यात अडकत नाही. पण शेजारी दुसरी सपाट अंगठी घालायची असेल तर फार खाली बसवलेली भिंत तिला लोटते आणि मध्ये फट राहते. ती दुसरी अंगठी, किंवा तिच्या जाडीची कुठलीही, सोबत नेऊन उंची ठरवा. नंतर यावर उपाय नाही.

पाठ उघडी ठेवा. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो; खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस फासलेली टेबलं वापरली जायची ती याच गुणामुळे. बंद पाठीच्या कोंदणात फटीतून साबण-मलम शिरलं तर ते काढायला जागाच नसते. बेझलमध्ये मंद झालेले बरेच हिरे खालून मळलेले असतात, आणि बोल मात्र कोंदणाला लागतो. कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पाठीमागून फिरवा, झालं.

७. जडवण्याआधी आणि ताब्यात घेताना

जडवताना हिऱ्याला टवका उडाला तर भरपाई कोण देणार, हे आधी लेखी घ्या. तोंडी “काही होत नाही” चालणार नाही.

अंगठी हातात आली की भिंगातून कड पूर्ण फिरून बघा: धातू आणि हिरा यांच्यात काळी रेघ नको, कडेची रुंदी सगळीकडे सारखी हवी. कापसाचा बोळा कडेवरून फिरवा. तंतू अडकला तर तिथे धातू उचललेला आहे. मग कानाशी धरून बोटाने टिचक्या मारा, खुळखुळ ऐकू आली तर अंगठी तिथेच परत द्या.

माप आत्ताच अचूक घ्या, शक्यतो दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. बोटं गरमीत फुगतात, थंडीत आक्रसतात. पूर्ण बेझलची दांडी नंतर ताणली किंवा दाबली की भिंतीची गोलाई बिघडून हिरा ढिला होऊ शकतो. एखाद्या मापाचा फरक चांगला कारागीर सांभाळतो. त्याहून जास्त बदल करायचा असेल तर हिरा काढून पुन्हा जडवायची तयारी ठेवा.