पणजीला जायचं तर आधी तिथी बघा

पणजीला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर कालनिर्णय उघडा आणि पावसाळा सरल्यानंतरची पंचमी शोधा. मी सावंतवाडीचा सुतार, पण वडील खाडीकाठचे. त्यांनी शिकवलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. पंचमीला पावणेचार. दिवसाच्या शेवटी चोडण बेटावरच्या कांदळवनात होडीतून फिरायचंय, आणि ओहोटीला होडी चिखलात रुतते. होडीचं आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. घरात सोमवार-गुरुवार पाळत असतील तर ते वार टाळा; मासे न खाता पणजीहून परतू नये.

सकाळची पहिली गाडी. कॅफे भोसलेत पातळ भाजी-पाव आणि एक गोड बन, एवढंच.

मग फोंतेन्हास, पणजीतली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती. लोक पिवळ्या-निळ्या भिंतींपुढे फोटो काढतात नि निघतात. तुम्ही खिडक्या बघा. भिंती आपल्याच चिऱ्याच्या, वर गिलावा. पण जुन्या झडपांत काचेऐवजी शिंपले आहेत. पातळ, चौकोनी कापलेले, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेले. मी एकदा पट्ट्या मोजत रस्त्यात उभा होतो, तर घरातल्या बाईंनी हाक मारून आतून झडप दाखवली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत दुधासारखा उजेड. पट्टी बोटापेक्षा बारीक. दर पावसाळ्यात लाकूड फुगतं, तरी शिंपला तडकू नये इतकी जागा त्या कारागिरानं खाचेत सोडली होती. मी त्या पट्टीवरून हात फिरवून आलोय. माणसं राहतात तिथे. विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

पुढे नागमोडी पायऱ्यांचं चर्च, १६१९ साली नव्यानं बांधलेलं. त्याच्यासमोरच्या बागेत सावलीला टेका. बागेला गार्सिया द ओर्ता या वैद्याचं नाव आहे. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं.

जेवताना मेनू बाजूला ठेवा आणि विचारा, "आयज ताजें नुस्तें खंयचें?" म्हणजे आज ताजे मासे कुठले. जे सांगतील ते रव्यात तळून घ्या. सोबत शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, आणि तिसऱ्यांचं सुकं. सोलकढी शेवटी.

अडीचला रायबंदरची बस, तिथून फेरीनं चोडण. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्याजवळच आहे. होडीत बोलू नका. पाणी चढलं की निवटे, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, मुळांवर येऊन बसतात आणि खंड्या अगदी हाताच्या अंतरावरून जातो. पाणी उतरायला लागलं की होडीवाल्याला सांगून परत फिरा. मी पाचच्या आत फेरीवर असतो.