आयपी कुठपर्यंत पोचतो ते त्याच्या सुरुवातीवरून ओळखा

घरचे कॅमेरे बाहेरून दिसावेत म्हणून मी दोन रविवार पोर्ट फॉरवर्डिंगमागे (बाहेरून आलेली जोडणी राउटरने आतल्या मशीनकडे पाठवणं) घालवले, सेटिंग सगळं बरोबर होतं, पण राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट प्रोव्हायडरने राउटरला दिलेला अ‍ॅड्रेस, १०० ने सुरू होतोय तिकडे लक्षच गेलं नाही. १००.६४ ते १००.१२७ ही रेंज २०१२ पासून प्रोव्हायडरच्या नॅटसाठी राखीव आहे, म्हणजे खरा पब्लिक आयपी त्यांच्याकडे, तो अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आणि आपण आत, बाहेरून कोणी पोचणारच नाही. त्यामुळे सगळ्यात आधी हे बघा. वॅनवर १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ दिसला तरी तीच गत. कॉम्प्युटरवर १६९.२५४ आला तर डीएचसीपीकडून (आपोआप अ‍ॅड्रेस वाटणारी सोय, घरी बहुधा राउटरच) अ‍ॅड्रेस मिळालेलाच नाही, केबल तपासा.

आता आयपी व्हर्जन ६, म्हणजे नवे लांबलचक अ‍ॅड्रेस. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग कमांड मारा, एकाच नेटवर्क कार्डाला तीन-चार अ‍ॅड्रेस दिसतील, ते तसंच असतं, प्रत्येकाची हद्द वेगळी.

एफई८० वाला लिंक-लोकल, त्याच केबल किंवा वायफायपुरता, राउटर तो पुढे ढकलत नाही. आणि एफई८० प्रत्येक कार्डावर असतो, मग पिंग करताना (समोरचं मशीन उत्तर देतंय का बघताना) कुठल्या कार्डातून जायचं हे मशीनला कसं कळणार? म्हणून शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि कार्डाचा नंबर लावायचा, लिनक्सवर कार्डाचं नाव. हा नंबर आपल्याच मशीनचा घ्यायचा, समोरच्याचा नाही, इथेच बहुतेक जण अडकतात.

एफडी म्हणजे घर-ऑफिसच्या आतला, इंटरनेटवर चालत नाही. २ किंवा ३ ने सुरू झाला तर ग्लोबल. एफएफ म्हणजे मल्टिकास्ट, एकाच वेळी अनेक मशीनना पाठवायचा, त्यात चौथा आकडा स्कोप म्हणजे हद्द सांगतो, एफएफ०२ लिंकपुरता, एफएफ०५ साइटपुरता, म्हणजे एका जागेच्या नेटवर्कपुरता. जुन्या नोट्समध्ये साइटपुरता एफईसी० अ‍ॅड्रेस भेटेल, तो २००४ मध्येच बाद झाला कारण साइट नेमकी कुठे संपते हेच ठरेना, बरंच झालं.

डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) २ वाला अ‍ॅड्रेस मिळत असेल तर नॅटची भानगडच नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये त्याच अ‍ॅड्रेसचा तेवढाच पोर्ट उघडा (अख्खा फायरवॉल बंद करू नका प्लीज, आणि डीव्हीआरचा पासवर्ड बदला) आणि ज्या मोबाइलवरून बघणार त्यालाही व्हर्जन ६ मिळतंय ना ते बघा.