जिमच्या सॉफ्टवेअरमध्ये वाढदिवसाच्या पार्टीचं बुकिंग कसं लावावं

दांडिया बाजारातल्या माणिकरावांच्या आखाड्यामुळे बडोद्यातल्या मराठी घरांना पोरांना व्यायामाला धाडायची सवय जुनीच आहे. आता मांजलपूर, गोत्रीकडे मुलांसाठी जिम्नॅस्टिक्स आणि ट्रॅम्पोलीनचे हॉल निघालेत, आणि तिथं फी भरायला आलेली आई हमखास विचारते, “रविवारी वाढदिवसाला हॉल मिळेल का हो?” उत्तर बहुतेक ठिकाणी वहीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं जातं आणि कधी ना कधी एकाच वेळेला दोन केक दारात उभे राहतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही मासिक फी घेता, त्यातच बहुधा पार्टी किंवा इव्हेंट बुकिंगची सोय असते. ती नीट लावायला एखादी दुपार पुरते. मेनूतली नावं प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये निराळी असतील, पण क्रम हाच ठेवा.

आधी हॉल, मग पॅकेज

बहुतेक जण थेट पॅकेज आणि दरापासून सुरुवात करतात. तसं करू नका. आधी सेटिंगमध्ये जाऊन ‘रूम’ किंवा ‘रिसोर्स’ या नावाखाली हॉलची नोंद करा. खाण्यापिण्याची खोली वेगळी असेल तर तिची नोंदही वेगळीच करा.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. तुमच्या रोजच्या बॅच उघडून पाहा. ‘हॉल एकच तर आहे’ म्हणून त्यातला रूमचा रकाना कित्येकांनी रिकामा सोडलेला असतो. रकाना रिकामा म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी हॉल मोकळा, आणि मग शनिवारच्या पाचच्या बॅचवर ते खुशाल पार्टी घेतं. म्हणून प्रत्येक बॅचला, आणि पुढे पार्टीच्या पॅकेजलाही, हॉल जोडा. कोचलाही तसंच जोडा, नाहीतर पार्टीच्याच वेळी त्याचं पर्सनल ट्रेनिंग बुक होईल.

वेळेचा हिशेब

पार्टी दोन तासांची म्हणालात तरी हॉल तीन तास अडकतो. समजा सव्वा तास खेळ आणि पाऊण तास केक-खाणं. त्याच्या आधी अर्धा तास फुगे आणि मांडामांड, नंतर अर्धा तास मॅटवरचं क्रीम पुसणं. हा आधीचा-नंतरचा वेळ ‘बफर’ नावाच्या रकान्यात भरायचा. तो पालकांना दिसत नाही, पण दुसऱ्या कुणाला बुकही करता येत नाही. रविवारी मग १० ते १२, १ ते ३ आणि ४ ते ६ अशा तीन पार्ट्या बसतात. चौथी कोंबायचा मोह होईल, तो आवरा. काही सॉफ्टवेअरमध्ये फक्त ‘नंतरचा बफर’ मिळतो. तिथं सरळ ६० मिनिटं टाका आणि दिवसाच्या पहिल्या पार्टीआधीचा अर्धा तास हाताने बंद करा.

बंद तारखाही आत्ताच टाका. उत्तरायणाला, १४ आणि १५ जानेवारीला, अख्खं बडोदं गच्चीवर असतं. नवरात्रात संध्याकाळची वेळ घेणारं कुणी भेटणार नाही, आणि भेटलंच तर तुमचा स्टाफ गरब्याला पळालेला असेल. उत्तरायणाला ‘दरवर्षी पुन्हा’ ही खूण चालते. नवरात्राच्या तारखा मात्र दर साली हलतात, त्या नव्यानेच भरा. मे महिन्यात एसी नसेल तर दुपारची वेळ बंद ठेवलेली बरी.

पॅकेज, दर आणि कर

एकच पॅकेज ठेवा, फार तर दोन. उदाहरणादाखल: १२ मुलांपर्यंत ६,००० रुपये, पुढच्या प्रत्येक मुलामागे ३५०, आणि २० च्या वर नाही. ही २० ची मर्यादा वर्णनात लिहून भागत नाही, ‘कमाल संख्या’ या रकान्यातच टाकायला हवी. ज्याचा वाढदिवस आहे तो या बारांत धरला की नाही, आणि नुसतं बघत बसणारं धाकटं भावंड धरलं की नाही, हेही वर्णनात लिहा. नाहीतर आदल्या रात्री फोन येतोच: “काका, चार मुलं वाढलीत, चालेल ना?” यासाठी पक्की संख्या कळवायची मुदत तीन दिवस आधीची ठेवा आणि त्याची आठवण सॉफ्टवेअरलाच पाठवू द्या.

पॅकेज करताना जुन्या फीच्या आयटमची कॉपी मारू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तोही इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करता येत नाही. पार्टी, हॉलचं भाडं आणि खाणं याच दरात बसतं असं गृहीत धरू नका. पार्टीचा आयटम वेगळा करा आणि त्याचा दर सीएला विचारूनच भरा. सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही, पण उलाढाल मोजताना फी आणि पार्टी एकत्रच धरली जाते.

बयाणा

पैसे आल्याशिवाय तारीख पक्की करायची नाही, ओळखीच्यांचीही नाही. पॅकेजमध्ये ‘डिपॉझिट सक्तीचं’ ही खूण करा, पेमेंटला यूपीआय जोडा आणि पैसे आले नाहीत तर तारीख आपोआप सुटेल अशी मुदत लावा. २४ तास पुष्कळ झाले. पोरं आजारी पडतात, तेव्हा सात दिवस आधीपर्यंत तारीख फुकट बदलून द्या. त्यानंतर बयाणा परत नाही. हा नियम पैसे भरायच्या पानावरच ठेवा आणि ‘वाचलं’ अशी खूण केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असं करा.

फॉर्ममध्ये काय विचारावं

यजमानाच्या फॉर्ममध्ये केक एगलेस आहे का, खाणं बाहेरून येणार का, जैन पदार्थ लागतील का हे विचाराच. आणखी एक प्रश्न आपल्या लोकांसाठी मुद्दाम घाला: औक्षण करणार का? निरांजन फोमच्या मॅटजवळ चालणार नाही. ‘हो’ असं उत्तर आलं की स्टाफच्या यादीत ‘पाट-रांगोळी खाण्याच्या खोलीत’ असं काम आपोआप पडेल असं जोडून ठेवा. स्नो स्प्रेला मनाई आहे हेही इथंच लिहा. मेणबत्तीजवळ तो पेट घेऊ शकतो.

पाहुण्या मुलांचं संमतिपत्र निराळं. यजमान आई दुसऱ्यांच्या मुलांसाठी सही करू शकत नाही, म्हणून प्रत्येक पालकाला भरता येईल अशी लिंक तयार करून ती वर्गाच्या ग्रुपवर टाकायला द्या. मुलाचं नाव, वय, पालकाचा मोबाइल, दमा किंवा अ‍ॅलर्जी, एवढंच विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. ‘ऑफर पाठवू का’ ही चौकट वेगळी ठेवा आणि ती आधीपासून टिक केलेली नको. ट्रॅम्पोलीनवर एका वेळी एकच मूल हा नियमही याच पत्रात घाला, म्हणजे ऐनवेळी कोचला कुणाच्या बाबांशी वाद घालावा लागत नाही.

निरोप आणि चाचणी

निरोप मराठीत आणि गुजरातीत असे दोन्ही तयार ठेवा. मजकूर आटोपशीर हवा: ‘रविवार, दुपारी १ ते ३. बयाणा मिळाला. मुलांना मोजे घालून पाठवा. हॉल १२:४५ ला उघडेल.’ तो पाऊण वाजताचा उल्लेख नसेल तर माणसं सव्वाबारालाच फुगे घेऊन दारात येतात.

मग एक रुपयाचं खोटं पॅकेज करून स्वतःच्या फोनवरून बुक करा आणि दुसऱ्या फोनवरून तीच वेळ घ्यायचा प्रयत्न करा. वेळ मिळाली तर कुठल्या तरी बॅचचा किंवा पॅकेजचा रूमचा रकाना अजून रिकामा आहे. बुकिंग रद्दही करून पाहा. तारीख पुन्हा मोकळी दिसायला हवी. बयाण्याची पावती, आठवणीचा निरोप, स्टाफची यादी हे सगळं पोचलं की ते पॅकेज काढून टाका.

पहिला महिना लिंक फक्त सभासदांना द्या, बाहेर नंतर. आणि कॅलेंडर पुढच्या दोन महिन्यांपुरतंच उघडं ठेवा, कारण दिवाळीनंतर दर वाढवायचं ठरवलंत तर आधी बयाणा दिलेल्यांना जुन्याच दरात पार्टी द्यावी लागते.