लाल लेझरची पाण्यातली तरंगलांबी पट्टीने कशी मोजायची

"मॅडम, ४८८ म्हणजे तर निळा ना? मग लाल लेझर पाण्यात निळा का नाही होत?"

दहावीला अपवर्तन शिकवत होते. फळ्यावर दोन आकडे होते: लाल लेझरची तरंगलांबी (प्रकाशलाटेच्या दोन शिखरांमधलं अंतर) हवेत ६५० नॅनोमीटर, पाण्यात ४८८. शेजारच्या भिंतीवर वर्णपटाचा तक्ता, त्यात ४८८ जवळ निळा पट्टा. मुलीने दोन्ही एकत्र वाचलं आणि विचारलं. असा प्रश्न "रंग वारंवारतेवर, म्हणजे सेकंदाला किती लाटा येतात त्यावर ठरतो" एवढं सांगून मिटवणं मला पटत नाही. पाण्यात तरंगलांबी खरोखर कमी होते हे पट्टीने मोजता येतं, आणि ठिपका लालच राहिलाय हे मोजतानाच दिसतं. घरी करून बघा.

लागतं ते एवढंच: लाल लेझर पॉइंटर, साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि २० रुंद काचेची फिश टँक, एक जुनी सीडी, बटर पेपर, चिकटपट्टी, पट्टी. पॉइंटरच्या लेबलावर बहुतेक वेळा "६३० ते ६८०" असं ढोबळ लिहिलेलं असतं. काळजी नको, नेमका आकडा आपणच काढणार आहोत. हिरवा स्वस्तातला पॉइंटर मात्र घेऊ नका, त्यातल्या काहींतून न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडतो. आणि लाल असला तरी डोळ्यांत थेट जाता कामा नये. टँकच्या काचेवरून काही उजेड उलट फिरतो, म्हणून मुलांना टेबलाशी उभं करा, खाली बसवून काचेच्या पातळीला डोळे आणू देऊ नका.

आता सीडी. घरी राइट केलेली सीडी घ्या, डीव्हीडी नको. लेबलच्या बाजूला ब्लेडने चार ओरखडे काढा, त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी घट्ट दाबा आणि एका झटक्यात ओढा. चंदेरी पापुद्रा टेपसोबत निघून येतो आणि खाली पारदर्शक प्लास्टिक उरतं. त्यावर १६०० नॅनोमीटर अंतराने कोरलेल्या रेघा असतात. हेच आपलं ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाला त्याच्या तरंगलांबीप्रमाणे ठरावीक कोनात वळवणारी रेघांची पट्टी. तुकडा बाहेरच्या कडेचा कापा. मी पहिल्यांदा आतल्या भोकाजवळचा घेतला होता. तिथे रेघांची गोलाई जास्त, त्यामुळे ठिपके फिसकटून लांबट झाले आणि मध्य कुठे धरायचा तेच कळेना. डीव्हीडीच्या रेघा ७४० नॅनोमीटरवर असतात, तिच्यातून ठिपका ६१ अंशांवर फेकला जातो आणि टँकबाहेर पडतो.

तुकडा टँकच्या लांब बाजूच्या काचेवर बाहेरून, मधोमध, तळापासून तीनेक सेंटिमीटरवर चिकटवा. सीडीची गोल कड उभी राहील असा. समोरच्या काचेवर बाहेरून बटर पेपर ताणून लावा. लेझर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून काचेला काटकोनात सोडा. काचेवरून परत आलेला ठिपका लेझरच्या तोंडावरच पडला की काटकोन जमला. बटर पेपरवर एक ठिपका मध्ये, एक डावीकडे, एक उजवीकडे दिसेल. कडेच्या दोन ठिपक्यांवर पेन्सिलने खुणा करा.

मग काहीही न हलवता टँकमध्ये हळूहळू पाणी ओता. पाण्याची पातळी किरणाच्या वर चढली की कडेचे ठिपके आत सरकलेले दिसतील. हा क्षण चुकवू नका, यासाठीच सगळा खटाटोप. पाण्यात दुधाचा एक थेंब टाकलात तर तीन किरण लाल दोऱ्यांसारखे ताणलेले दिसतात.

माझ्या टँकमध्ये दोन काचांतलं अंतर २० सेंटिमीटर. हवेत कडेच्या ठिपक्यांमध्ये १७.८ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून ८.९. पाण्यात १२.८, म्हणजे ६.४. कोनाचा साइन काढायचा: ८.९ चा वर्ग अधिक २० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २१.९, ८.९ भागिले २१.९ म्हणजे ०.४०६. त्याला रेघांमधल्या अंतराने, म्हणजे १६०० ने गुणलं की तरंगलांबी मिळते: ६५०. पाण्यासाठी हाच हिशेब केला की ०.३०५, म्हणजे ४८८. दोन्हींचा भागाकार १.३३. पुस्तकातला पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाण्यात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, तुमच्या स्वयंपाकघरात मिळाला!

आता मुलीचा प्रश्न. मी सासवडची, म्हणून मला दिवे घाटातली वारी आठवते. सपाटीवर दिंड्या झपझप चालतात, चढ लागला की पाऊल मंदावतं आणि ओळी जवळजवळ येतात. पण घाटाच्या पायथ्याशी मिनिटाला २० ओळी पोचत असतील तर मिनिटाला २० च वर चढायला लागणार. वारकरी वाटेत नाहीसे होत नाहीत आणि नवे उगवतही नाहीत. ओळींतलं अंतर ही तरंगलांबी, मिनिटाच्या ओळी ही वारंवारता. प्रकाशाचा वेग हवेत सेकंदाला ३ लाख किलोमीटर, पाण्यात सव्वादोन लाख. वेग आणि तरंगलांबी सारख्याच प्रमाणात घटतात. वारंवारता दोन्हीकडे तीच, सेकंदाला सुमारे ४६१ लाख कोटी.

आणि डोळ्याचं काय? आपल्या डोळ्याच्या आतही पाण्यासारखाच द्रव आहे, अपवर्तनांक साधारण १.३४. लाल प्रकाश हवेतून येवो की विहिरीत बुडी मारल्यावर येवो, पडद्यावर पोचेपर्यंत त्याची तरंगलांबी ४८५ च्या आसपासच झालेली असते. जन्मापासून आपण तिलाच लाल म्हणतो आहोत. तक्त्यातला ४८८ हा हवेतला आकडा आहे, एवढी एक ओळ तक्त्याखाली छापायला हवी. मी आमच्या तक्त्यावर ती हाताने लिहिली.

जमलं तर पाणी काढून पाक ओता: एक लिटर पाण्यात एक किलो साखर, पूर्ण विरघळवून गार केलेला. टँकमध्ये तो जेमतेम अडीच सेंटिमीटर चढतो, म्हणून ग्रेटिंग आणि लेझर थोडे खाली घ्या. कडेच्या ठिपक्यांमधलं अंतर १२ सेंटिमीटरच्या किंचित आत येतं, तरंगलांबी ४५८ च्या आसपास. ठिपका लालच.

वारंवारता कधीच बदलत नाही असं मात्र मुलांना सांगू नका. हातावर लावायच्या सॅनिटायझरमध्ये चिमूटभर हळद ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चचा झोत वरच्या पिवळ्या द्रवावर टाका. द्रव हिरवट चमकतो. इथे प्रकाश नुसता आरपार गेलेला नाही. हळदीच्या रेणूंनी तो गिळला आणि आपला नवा प्रकाश सोडला, कमी वारंवारतेचा. मधली उरलेली ऊर्जा उष्णता होऊन त्या द्रवातच राहिली.