सांधलेल्या फुलदाणीत परसातली फुले

सांधलेली चिनी मातीची फुलदाणी कितीही घट्ट वाटली तरी तिच्यात थेट पाणी ओतू नये. बाहेरची झिलई पाणी अडवते, पण तुटलेल्या कडेला आतली माती उघडी पडलेली असते. चिकटवताना केसाएवढी फट राहिली तरी ओल आत झिरपते आणि सांधा हळूहळू सुटायला लागतो. म्हणून पाणी आणि फुले आतल्या बाटलीत ठेवायची, फुलदाणीने त्या बाटलीला नुसते पोटात घ्यायचे.

सांध्यासाठी फेवीक्विक नको, ते ओलीत टिकत नाही. अराल्डाइटसारखा दोन ट्यूबांचा गोंद घ्यावा. आधी तुकडे कोरडेच जुळवून कुठला आधी बसतो ते पाहावे, कारण क्रम चुकला की शेवटचा तुकडा आत शिरतच नाही. मग कडा अॅसिटोनने पुसाव्यात. पावसाळ्यात इथली, गोव्यातली हवा इतकी दमट की कडा हेअर ड्रायरने दहा मिनिटे सुकवाव्याच लागतात. दोन्ही ट्यूबांतून सारख्या लांबीची रेघ काढून चांगले घोटावे आणि एकाच कडेला पातळ थर द्यावा. जाड थराने तुकडे एकमेकांपासून दूर राहतात आणि गळ्यापाशी पोचेपर्यंत ती तफावत वाढत जाते. मास्किंग टेपने बांधून फुलदाणी तांदळाच्या परातीत रोवावी आणि 24 तास हात लावू नये.

आतली बाटली तोंडातून सहज जाणारी आणि काठापेक्षा एक-दोन सेंटिमीटर बुटकी हवी. तिला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळली की ती भिंतीवर आपटत नाही. देठ धरायला बारीक तारेची जाळी चुरगळून घालायची ती बाटलीतच. फुलदाणीत कोंबली तर ती बाहेरच्या बाजूला ताण देते आणि नेमका सांधाच उकलतो. बाटलीच्या तळाला वजन हवे असेल तर नदीतले गोटे धुऊन घालावेत. जांभ्या दगडाचे तांबडे खडे घातले तर पाणी तांबडे होते.

आता फुले. श्रावण-भाद्रपदात सोनटक्का सर्वांत सोयीचा. एक फूल दिवसभरच टिकते, पण कणसातल्या कळ्या पाळीपाळीने उमलतात, म्हणून खालची पहिली कळी उघडत असलेले कणीस निवडावे. माटोळीला, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या आरासीला, बांधतात ती कळलावी दोन देठ पुरे. मात्र ती विषारी आहे, मूल किंवा मांजर असलेल्या घरात नकोच. अबोली बाजारात फातीत (गजऱ्यासारख्या माळेत) ओवलेली मिळते, तिला देठ नसतो. परसातली अबोली कणसासकट कापली तर बाटलीत उभी राहते. दसऱ्याच्या सुमारास झेंडू आणि पुढे थंडीत शेवंती. झेंडूची पाण्यात बुडणारी सगळी पाने काढावीत, नाहीतर दुसऱ्याच दिवशी पाण्याला वास येतो. उन्हाळ्यात बोगनवेल. तिची पाने पूर्ण खुडली तर रंगीत भाग जास्त टिकतो. पांढऱ्या चाफ्याच्या कापलेल्या टोकातून दुधासारखा चीक निघतो आणि पाण्याची वाट बुजवतो. ते टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर चीक थांबेपर्यंत धरावे. जास्वंद संध्याकाळी मिटते, तिला बशी बरी.

फुले उजाडताच कापावीत, देठ तिरका छाटावा आणि मांडण्याआधी दोन तास सावलीत बादलीभर पाण्यात ठेवावीत. उंचीला हात आखडता घ्यावा. फुलदाणी 20 सेंटिमीटरची असेल तर सर्वांत उंच फूल काठावर 25 सेंटिमीटरपर्यंतच. हेलिकोनियासारखा जड देठ एका बाजूला झुकला की सगळा भार गळ्याच्या सांध्यावर येतो. आधी उंच देठ मध्ये, मग बुटके पुढे, आणि सांध्याची रेघ दिसेल अशी एक बाजू मोकळी. ती पानांनी झाकली की फुलदाणीतली सर्वांत सुंदर गोष्ट हरवते.

पाण्यात साखर नको, इथल्या उकाड्यात ती जंतूंनाच पोसते. रोज सकाळी पाणी बदलून देठ एक सेंटिमीटर छाटणे पुरे. पाणी बदलताना बाटली तेवढी उचलावी. फुलदाणी हलवायचीच झाली तर एक हात तळाखाली घालावा, जोडलेल्या कानाला धरू नये. आणि बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) ठेवायची तर दुपारचे ऊन येणार नाही अशा कोपऱ्यात, कारण तापला की हा गोंद मऊ पडतो.