पुण्यात जुळलेली मर्सिडीज डब्ल्यू १२४ : घेताना, किंमत ठरवताना, सांभाळताना

जुन्या जर्मन गाड्यांपैकी रोज चालवता येईल अशी एकच निवडायची झाली, तर आमचं मत मर्सिडीजच्या डब्ल्यू १२४ ला (हा ई-क्लासच्या त्या पिढीचा कंपनीतला कोड). १९८४ च्या शेवटी ही गाडी जर्मनीत आली आणि जगभरात २५ लाखांहून अधिक विकली गेली. मर्सिडीजने भारतात मोटारींची जुळणी (सुट्या भागांपासून गाडी जोडणं) सुरू केली तीही हिच्यापासूनच. १९९५ मध्ये, पुण्यात, टेल्कोबरोबरच्या (आजची टाटा मोटर्स) भागीदारीत. इथे तयार झालेल्या गाड्या मुख्यतः दोन: पेट्रोलची ई २२० आणि पाच सिलिंडरची, अडीच लिटरची डिझेल ई २५० डी. याशिवाय वकिलाती आणि परदेशातून परतलेली मंडळी यांच्यामार्फत आलेल्या २३० ई, ३०० ई, ३०० डी अधूनमधून विकायला निघतात.

घेणारा बहुतेक वेळा चुकतो तो इंजिनाच्या आवाजाला भुलून. या गाडीचं इंजिन फारसं दगा देत नाही. पैसा खाणाऱ्या गोष्टी तीन: वायरिंग, गंज आणि एसीची कूलिंग कॉइल. तिन्ही सहज दिसत नाहीत, म्हणून पाहणी त्यांच्यापासूनच सुरू करा.

आधी वायरिंग

साधारण १९९२ ते १९९५ या काळातल्या पेट्रोल इंजिनांच्या हार्नेसला (तारांच्या जुडग्याला) मर्सिडीजने असं इन्सुलेशन वापरलं की ते उष्णतेने काही वर्षांत कडक होऊन भुगा होतं. ई २२० चं एम १११ आणि ई २८०, ई ३२० चं एम १०४ ही दोन्ही इंजिनं यात सापडतात. पुण्याच्या ई २२० नेमक्या या काळाच्या काठावर येतात, त्यामुळे प्रत्येक गाडीत हे तपासलंच पाहिजे.

तपासायची रीत अशी. इंजिन थंड असताना कुलंट तापमानाच्या सेन्सरकडे किंवा इंजेक्टरकडे जाणारी वायर शोधा. तिच्यावरची काळी बाहेरची नळी कनेक्टरपाशी थोडी मागे सरकवा आणि टॉर्चच्या उजेडात आतल्या रंगीत तारा बघा. इन्सुलेशन मऊ आणि अखंड असेल तर ठीक. त्यावर सुकलेल्या चिखलासारख्या भेगा असतील, कपची निघून तांबं दिसत असेल, तर हार्नेस गेलेला आहे. तार वाकवून बघू नका, कारण वाकवल्यावर ती तिथेच तुटते आणि मालकाशी वाद होतो.

असा हार्नेस असतानाही गाडी वर्षभर चालू शकते. मग आयडलिंगला थरथर, मध्येच एक सिलिंडर बंद, पावसात मिसफायर असं सुरू होतं आणि शेवटी दोन उघड्या तारा एकमेकींना लागून इंजिनाचा कंट्रोल युनिट जळतो. हार्नेसपेक्षा ते नुकसान मोठं. थ्रॉटल बॉडीची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाची) मोटर असलेल्या गाड्यांत तिच्या आतल्या तारांचीही हीच गत होते, म्हणून हार्नेस बदलल्याची पावती असली तरी थ्रॉटल बॉडीचं वेगळं विचारा. नव्या हार्नेसवर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेलं लेबल असतं, ते वाचा. इन्सुलेशन टेप गुंडाळून ‘दुरुस्त’ केलेला हार्नेस हा न बदललेलाच समजा.

डिझेलमध्ये हा ताप बराच कमी. आपल्याकडे डिझेल डब्ल्यू १२४ ला मागणी जास्त असते, त्यामागे हेही एक कारण.

गंज कुठे लपतो

१९८९ नंतरच्या गाड्यांच्या दोन्ही बाजूंना खाली प्लास्टिकची रुंद पट्टी असते. ती दिसायला छान, पण तिच्यामागे चिखल साचतो. पट्टीतली जॅक लावायच्या जागेची झाकणं काढा आणि आत टॉर्च मारा. पत्र्याची कड सरळ आणि कोरडी हवी. बोट घातल्यावर तपकिरी पापुद्रे हाताला लागले तर तिथलं वेल्डिंग धरूनच भाव बोला. पुढे बघायच्या जागा: पुढच्या मडगार्डची चाकामागची खालची बाजू, मागच्या स्प्रिंग बसतात ते खोबणीतले कप, बॅटरीखालचा ट्रे, डिकीतली स्टेपनीची खोली आणि पुढच्या काचेच्या रबराखालचे कोपरे. रंगाच्या थराची जाडी मोजायचं मीटर नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक पॅनलवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पुट्टी आहे.

मुंबई आणि कोकणातल्या गाड्यांत आणखी एक ठिकाण जरूर बघा. बोनेटच्या मागच्या कडेला, काचेखाली, पावसाचं पाणी वाहून जाणारी पन्हाळ असते आणि तिच्या दोन्ही टोकांना निचऱ्याची भोकं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पानांनी बुजतात, पाणी ब्लोअरवाटे आत उतरतं आणि पायाखालचा गालिचा आतून कुजतो. गालिच्याचा कोपरा उचलून खालचा फेसाचा थर दाबून बघा. सनरूफ असेल तर त्यात पेलाभर पाणी ओता आणि चारही निचरे खाली वाहतात का ते पाहा.

डब्ल्यू १२४ चं बोनेट दोन टप्प्यांत उघडतं. दुसऱ्या टप्प्यात ते जवळपास सरळ उभं राहतं. पाहणीच्या वेळी ते तसंच उभं करा. आतल्या पडद्यावर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, चॅसिस नंबर ठोकलेला असतो. तो आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा. पुढच्या आडव्या पट्टीवरच्या पत्र्याच्या प्लेटवर रंगाचा कोड असतो. गाडीचा रंग त्याच्याशी जुळत नसेल तर कधीतरी पूर्ण पेंट झालेला आहे. तो का झाला, हे विचारायचं.

थंड इंजिन, मग रस्ता

मालकाला आधीच सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बोनेटला हात लावून खात्री करा. थंड डिझेल गाडी ग्लो प्लगचा (थंड सिलिंडर आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझल्यावर लगेच सुरू झाली पाहिजे. दोन-तीन सेकंद खडखडून मग सुरळीत झाली तर एखादा ग्लो प्लग गेलेला असतो, आणि ते किरकोळ काम आहे. मात्र प्रत्येक सिलिंडरला चार वाल्व्ह असलेल्या डिझेलमध्ये ग्लो प्लग इंजिनाच्या हेडमध्ये धरून बसतात. काढताना इंजिन गरम असू द्या, आणि पाना अडला की थांबून भेदक तेल सोडा. तुटलेला प्लग काढायला हेड उतरवायची पाळी येते.

इंजिन तापल्यावर ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं त्याच तोंडावर ठेवा. ते थोडं हललं तर चालेल. उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. ऑइल प्रेशरचा काटा गरम आयडलला खाली आला तरी ॲक्सिलरेटर दाबताच ३ बारवर जाऊन टेकला पाहिजे.

किल्ली काढल्यावर डिझेल बंद होत नसेल तर घाबरू नका. या इंजिनाचं बंद होणं व्हॅक्यूमवर चालतं. कुठेतरी रबरी जोड तडकलेला असतो. सेंट्रल लॉकही व्हॅक्यूमवरच असल्याने दोन्ही तक्रारी बऱ्याचदा एकत्रच दिसतात.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर थंडपणी ‘आर’ मध्ये टाकून मनात मोजा. दोन सेकंदांत गाडीने धक्का न देता ओढ घ्यायला हवी. उशीर लागत असेल तर आतल्या पिस्टनचं सील तडकलेलं असतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनाचे आरपीएम क्षणभर वर सुटत असतील तर तो खर्च भावातून वजा करा. हलक्या पायाने निघताना गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या गिअरमध्ये निघते, त्यात दोष नाही.

एसी लावून, ‘डी’ मध्ये, ब्रेकवर पाय ठेवून थांबा. स्टिअरिंग थरथरत असेल तर इंजिनाचे माउंट, म्हणजे ज्यांवर इंजिन टेकतं ते रबरी आधार, खचलेले आहेत. यात तेल भरलेलं असतं, ते गळून गेलं की माउंट निव्वळ रबर उरतं. गिअर टाकताना मागून ‘टक्’ येत असेल तर प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांच्या रबरी चकत्या खालून बघा. बोल्टच्या भोवती भेगा दिसतात.

आता कूलिंग कॉइल. ‘दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो, बाकी एसी एकदम मस्त’ हे वाक्य कानावर आलं की समजा, कॉइल गळते. ती पूर्ण डॅशबोर्डच्या मागे आहे. बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दोन-तीन दिवस जातात आणि मजुरी सुट्या भागापेक्षा जास्त पडते. घाईच्या हातांनी डॅशबोर्ड उतरवला की तीस वर्षांच्या क्लिपा तुटतात आणि गाडी कायमची कुरकुरते. म्हणून हे काम आधी कुणी आणि कसं केलं आहे, हेही तपासा.

किंमत

जर्मनीत जुन्या गाड्यांना १ ते ५ अशी श्रेणी देतात: १ म्हणजे निर्दोष, ५ म्हणजे फक्त पुनर्बांधणीला उपयोगी. आपल्याकडे भाव सांगणारा प्रत्येक जण आपली गाडी १ किंवा २ समजतो, बहुतेक गाड्या ३ आणि ४ च्या मध्ये असतात. आकडा काढायची भरवशाची पद्धत अशी: त्याच मॉडेलच्या, कामं झालेल्या, पावत्या असलेल्या गाडीचा भाव आधी शोधा. मग समोरच्या गाडीतली बाकी कामं लिहा, दोन गॅरेजांतून लेखी अंदाज घ्या, मोठा आकडा वजा करा आणि वर पाचवा हिस्सा अनपेक्षितासाठी ठेवा. हिशेब शून्याजवळ आला तर गाडी सोडून द्या. स्वस्त मिळालेली डब्ल्यू १२४ हीच सर्वांत महाग पडते.

भाव वाढवणारी गोष्ट म्हणजे मूळ अवस्था. आरसीशी जुळणारे इंजिन-चॅसिस नंबर, मूळ रंग, न फाटलेली सीट, लाकडाच्या न तडकलेल्या पट्ट्या, पुस्तिका, दोन किल्ल्या. इंजिनाचे भाग आजही मागवता येतात, पण योग्य रंगाचं दाराचं आतलं पॅड मिळवताना वर्ष जातं. ओडोमीटरवर विसंबू नका. त्याच्या आतलं प्लास्टिकचं दातेरी चक्र तुटतं, वेगाचा काटा चालू राहतो आणि किलोमीटर तिथेच थांबतात. ब्रेकच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची बाहेरची कड जास्त खरं सांगतात. याच गाडीच्या आठ सिलिंडरच्या ५०० ई चा मामलाच वेगळा. ती पोर्शेच्या मदतीने, स्टुटगार्टच्या झुफेनहाउझेन भागात बनली. तिच्यासाठी स्वतंत्र जाणकाराकडून तपासणी करून घ्या.

कागदपत्रांत ढिलाई नको. १५ वर्षांनंतर नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवावी लागते. आरसीवर ‘आयात’ असा शेरा असलेल्या गाडीची फी देशी गाडीच्या कित्येक पट असते, त्यामुळे पुण्यात जुळलेली आणि आयात केलेली यांतला फरक खिशाला जाणवतो. दिल्लीच्या जुन्या डिझेल गाड्या स्वस्तात दिसतात. तिथल्या वयोमर्यादेमुळे त्या विकल्या जातात. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. ‘व्हिंटेज’ नोंदणी ५० वर्षांवरच्या गाड्यांना आहे, डब्ल्यू १२४ ला ती २०३४ च्या आत लागूच होत नाही. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र ३० वर्षांवरच्या गाडीला ‘एच’ (ऐतिहासिक गाडीची) नंबरपाटी घेता येते. तिथे आवडलेली गाडी इकडे आणायचा बेत आखू नका. आयातीच्या सामान्य नियमांत वापरलेली गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

घरी आल्यावर

पहिल्याच महिन्यात सगळी द्रव्यं बदला, मागच्या मालकाने काहीही सांगितलं तरी. पाच सिलिंडरच्या डिझेलला सुमारे ७ लिटर ऑइल लागतं. १५ डब्ल्यू ४० दर्जाचं वापरा आणि दर ५,००० ते ७,५०० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा फिल्टरसकट बदला. फिल्टर वरून निघतो, त्याच्या झाकणाच्या आणि दांड्याच्या रबरी रिंगा दर वेळी नव्या टाका. ब्रेक ऑइल डॉट ४, दोन वर्षांनी. कुलंट मर्सिडीजच्या मान्यतेचा, डिस्टिल्ड पाण्यात निम्मा-निम्मा, तीन वर्षांनी. नळाचं पाणी घातलं तर ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं.

ऑटोमॅटिकचं तेल तपासताना इंजिन चालू, गिअर ‘पी’ मध्ये आणि तेल पूर्ण गरम हवं. डिपस्टिकवरच्या किमान आणि कमाल खुणांमध्ये फक्त ०.३ लिटरचा फरक आहे. म्हणून शेवटचं तेल थोडं थोडं घाला. डिफरन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीचं) तेल बदलताना १४ मिलिमीटरच्या ॲलन पान्याने वरचा, म्हणजे भरायचा बोल्ट आधी सोडवा. तो अडकलेला असेल आणि तुम्ही आधीच तेल काढून टाकलेलं असेल, तर गाडी जागेवरच उभी राहते.

डिझेलमध्ये छोटा पारदर्शक प्री-फिल्टर आणि मोठा फिल्टर एकदमच बदला, मोठा डिझेलने भरूनच लावा. पंपाजवळच्या पारदर्शक नळ्यांत बुडबुडे दिसले तर नळ्यांच्या टोकांच्या रबरी रिंगा कडक झाल्यात. या रिंगा स्वस्त असतात आणि सकाळी उशिरा सुरू होण्याचा त्रास बऱ्याचदा त्यांनीच संपतो. पेट्रोल गाडीच्या मालकांनी ई २० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलबाबत काळजी घ्यावी. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात. टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉल चालणाऱ्या दर्जाची टाका आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा.

गरम दिवसात ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा ९५-१०० पर्यंत जातो, ते चालतं. त्यापुढे चढत असेल तर आधी पंख्याचं व्हिस्कस कपलिंग (गरम झाल्यावर पंखा इंजिनाशी जखडणारा जोड) बघा. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवून पाहा. तो भिंगरीसारखा फिरत राहिला तर कपलिंग गेलं आहे.

एकच वायपर ही या गाडीची ओळख. तो काचेच्या कोपऱ्यापर्यंत पोचावा म्हणून फिरताना पुढे-मागे सरकतो आणि त्या सरकत्या यंत्रणेतलं ग्रीस वाळलं की कण्हायला लागतो. मे महिन्यात टोपण काढून जुनं ग्रीस पुसा, नवं भरा. तसाच रेटला तर ऐन पावसात दाते तुटतात.

एक काम मात्र ओळखीच्या गॅरेजलाही डोळे झाकून देऊ नका: पुढचे शॉक ॲब्सॉर्बर. या गाडीत पुढची स्प्रिंग शॉकभोवती नसून खालच्या आर्मवर वेगळी बसते, आणि आर्मला खाली जाण्यापासून शॉकच रोखून धरतो. चाक अधांतरी असताना शॉकचा वरचा नट सोडला तर दाबलेली स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. आतून दाबणारा, या गाडीसाठीचा स्प्रिंग कॉम्प्रेसर त्यांच्याकडे आहे का ते आधी डोळ्यांनी बघा. नसेल तर गाडी तिथून काढा.